चालता केल्प

भिंतीवरची होडी खाली उतरवलेली होती. उतरवून धुतलेलीही होती.

हेल्मी गॅरेजच्या दारातच थांबली. कडेवरची रूथी तिच्या शर्टाची गुंडी चोखत होती. आईची कयाक दोन जुन्या टायरांवर ठेवलेली होती. तिचा मूळचा पिवळा रंग उन्हाने विटून लोण्यासारखा झाला होता, आणि त्यावरून पाणी अजून निथळत होतं. जाळीजळमटं गेली होती, वल्हं पुसून बाजूला ठेवलं होतं आणि गाडीच्या टपावर बांधायचे पट्टेही गुंडाळून तयार होते. एवढी निगा तिच्या वडिलांनी आई होती तेव्हासुद्धा कधी राखली नव्हती.

ती स्वयंपाकघरात आली. आर्वो गॅसपाशी उभा राहून नातीसाठी ओट्स ढवळत होता.

"डॅड, होडी कुणासाठी धुतलीस?"

"गॅरेटसाठी. युकाया गावचा पोरगा. आज तीनला येतोय न्यायला."

"न्यायला म्हणजे?"

"न्यायला म्हणजे न्यायला. भिंतीवर टांगून किती दिवस ठेवायची? कोळ्यांनी संसार थाटलेत तिच्यात."

"आईची आहे ती."

"तुझ्या आईला आता लागत नाही."

"मला लागते."

आर्वोने गॅस बंद केला आणि पळी हातात घेऊनच वळला. पळीने त्याने रूथीकडे बोट दाखवल्यासारखं केलं. "तुला आता ही लागते. आणि हिला तू. अजून नीट उभी राहत नाही पोर, आणि तू श्वास कोंडून खडकांखाली मासे शोधत फिरणार? लोक काय म्हणतील ते सोड, मी काय म्हणतो ते ऐक. पुरे झालं."

हेल्मीने रूथीला उंच खुर्चीत बसवलं, पट्टा लावला, पट्टा लागला का ते पाहिलं, आणि पुन्हा एकदा पाहिलं. आपण भित्र्या आहोत हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. रूथी झाली तेव्हापासून जगातल्या प्रत्येक वस्तूला एक टोकदार बाजू आहे, आणि ती बाजू नेमकी रूथीकडेच वळलेली आहे, असं तिला दिसायचं. द्राक्षाचे ती चार तुकडे करायची. पडद्यांच्या दोऱ्या तिने वर बांधून टाकल्या होत्या. कॉलेजात चार वर्षं समुद्रातल्या जीवांचा अभ्यास केलेली बाई आता टेबलाच्या कोपऱ्यांचा अभ्यास करत होती. पण आपली भीती आपली आपण बाळगणं वेगळं आणि दुसऱ्याने तिचा दोर करून आपल्याला खुंटीला बांधणं वेगळं. वडील पळीने ओट्स वाटीत काढत होते तेव्हा तिच्या मनात हेच आलं, आणि तिचे कान तापले.

"ब्रेनन आत्ता कुठे आहे?" तिने विचारलं.

"तुझा नवरा? आग विझवतोय. टीव्हीवर दाखवतात की रोज."

"आगीत उभा आहे तो. बाप झालास, आता पुरे कर, असं त्याला कोण म्हणालं?"

"ती त्याची नोकरी आहे."

"म्हणजे पगार असला की मुलीला बाप लागत नाही."

"शब्दात पकडू नकोस मला. तुझी आई पकडायची तसं." आर्वो खुर्चीत बसला. सत्तरीतला उंच, खांद्यात वाकलेला माणूस. उजवा खांदा निकामी झाल्यापासून त्याने पाण्यात पाय टाकला नव्हता. "कड्यावर उभं राहून मी आयुष्यभर तिच्याकडे बघत बसलो. डोकं वर आलं का, आलं का, आलं का. आता पुन्हा नाही बघणार."

"आई समुद्रात नाही गेली, डॅड. आई या ओट्यापाशी गेली, बटाटे सोलताना. म्हणून तू ओटा उपटून गॅरेटला दिलास का?"

रूथीने वाटीत हात घालून तो स्वतःच्या केसांना पुसला.

"जा मग," तो शेवटी म्हणाला. आवाज शांत होता, आणि हेल्मीला तो रागापेक्षा जास्त टोचला. "आजच जा. एकदा जाऊन ये, म्हणजे तूच आपल्या हाताने होडी गॅरेटच्या गाडीच्या टपावर चढवशील."

"आणि नाही चढवली तर?"

"चढवशील. मी ओळखतो तुला. पोरीला टबात बसवण्याआधी पाण्यात बोटं बुडवून खोली मोजतेस तू."

"नाही चढवली तर होडी माझी. पुन्हा विषय काढायचा नाही."

"नाही काढणार. आणि चढवलीस तर तूही पुन्हा पाण्याचं नाव काढायचं नाही."

"चालेल. रूथीला आज तू सांभाळ. दूध फ्रीजमध्ये आहे, दोन बाटल्या. आधी मनगटावर थेंब टाकून बघ."

"तुला मी वाढवली आहे," आर्वो म्हणाला. "मनगट कुठे असतं ते माहीत आहे मला."

*

बर्निसला एक फोन पुरला. गावातली शाळेची बस तिने वर्षानुवर्षं चालवली होती आणि प्रत्येक सुट्टीच्या दिवशी ती लोर्नाबरोबर, म्हणजे हेल्मीच्या आईबरोबर, पाण्यात उतरली होती. आता साठी उलटली होती, पण हॅमलिन कोव्हच्या रेतीवर ती हेल्मीच्या आधी येऊन, आपली हिरवी कयाक पाण्याच्या कडेला लावून, थर्मासातली कॉफी पीत बसली होती. धुकं अजून खडकांवरून उठलं नव्हतं.

"तुझा बाप काय म्हणाला?"

"जा म्हणाला."

"आर्वो जा म्हणाला? ताप आहे का त्याला?"

हेल्मीने सगळं सांगितलं. बर्निसने कॉफीचा शेवटचा घोट रेतीत ओतला. "म्हणजे आज तू मासे धरायला नाही आलीस. बापाला दाखवायला आलीस."

"दोन्ही."

"दोन्ही म्हणणारे लोक एकच काहीतरी घेऊन घरी जातात. बरं, वळ. हा रबरी सूट वर ओढू दे." बर्निसने पाठीवरची चेन पकडली आणि गुडघा तिच्या कमरेला लावून ओढली. "देवा रे, या रबरात तुला कोंबायला लोणी लागेल."

"दूध आहे ते. दोन तास आधी पाजलंय तरी."

"मग माशांना सांग, आज डेअरी आली आहे."

दोघी निघाल्या. वल्ह्याचे पहिले काही फटकारे हेल्मीच्या दंडांना परके वाटले, मग दंडांनी आपण होऊन लय धरली. कोव्ह म्हणजे किनाऱ्याला पडलेली एक खोल खाच. उत्तरेला उंच कडा, दक्षिणेला पाण्याबाहेर जेमतेम डोकं काढणारे काळे खडक, ज्यांच्यावर लाट आली की पांढरं होतं. मधे, दोन्हींपासून दूर, पाण्यावर तपकिरी डाग दिसत होता. जवळ गेल्यावर त्या डागाची डोकी झाली. केल्प, समुद्रातलं उंच शेवाळ.

हे दृश्य पाहून किती वर्षं झाली होती. पूर्वी उन्हाळ्यात हॅमलिनचं पाणी अर्धं झाकलं जायचं. तळापासून वर आलेला, सापासारखा लवचीक आणि बोटाइतका जाड दांडा, त्याच्या टोकाला हवेने भरलेला कांद्यासारखा गोल फुगा, आणि फुग्यावर वाऱ्यावर पसरलेल्या केसांसारख्या लांब पट्ट्या. लोर्ना म्हणायची, परमेश्वराने पाण्यात खुंटे ठोकून ठेवले आहेत, नांगर कशाला वाहायचा. मग पाणी तापलं, जांभळ्या काटेरी सी-अर्चिनांची फौज आली आणि त्यांनी खडक चाटून-पुसून साफ केले. केल्प गेला तसे मासे गेले. ज्यांनी होड्या विकल्या नाहीत ते लोखंडी नांगर टाकायला शिकले. यंदा हा एवढासा तुकडा परत उगवला होता. दांडे कोवळे होते; केल्प दर वर्षी नव्यानेच उगवतो, आणि कालचा खुंटा आज कुणाच्या ओळखीचा नसतो.

बर्निस नेहमीसारखी बांधायला लागली. दोन दांडे ओढले, होडीच्या नाकावरच्या दांडीला दोन वेढे दिले, फुगे वेढ्याखाली खोचले. "तुझा बाप काय करायचा आठवतं? एक दांडा ओढून मांडीवर टाकायचा आणि त्याच्यावर बसून गळ सोडायचा. निघायचं झालं की बूड उचलायचा. तेवढीच हालचाल."

हेल्मी हसली, पण तिची नजर कड्यावर होती. धुकं वर सरकलं होतं आणि तिथे आर्वोचा लाल पिकअप दिसत होता. गाडीपुढे तो उभा होता. एका हातात दुर्बीण आणि पोटावर, झोळीत अडकवलेला, एक निळा ठिपका. रूथीची टोपी.

कानावरून नीट ओढली आहे का टोपी? वर वारा असेल. कड्याच्या किती जवळ उभा आहे हा? आणि त्याच क्षणी तिला कळलं की तोही खाली हेच बघतोय, ती घाबरते का ते. तिने मान फिरवली. समोर सगळ्या फुग्यांत एक फुगा नारळाएवढा होता, चकचकीत, ताठ, आणि इतरांपासून जरा सुटा. तो कड्यावरूनही दिसत असणार. तिने होडी तिकडे नेली, होडीच्या नाकाला बांधलेला आईचा दोर फुग्याच्या मानेखाली टाकला, कडी अडकवली आणि हात झटकून टाकले. एक झटका, झालं. वरून बघणाऱ्याला दिसावं की ही कालपरवापर्यंत रोज येत होती.

"मी वर आहे," बर्निस म्हणाली. एकीने खाली जायचं, एकीने वर राहून बघायचं, हा त्यांचा नियम होता. "घाई करू नकोस."

पहिली बुडी वाया गेली. थंड पाण्याने कपाळ चिमटलं, छातीत ठोके वाजायला लागले आणि तिला एवढंच सुचत होतं, की आर्वोने दूध मनगटावर टाकून पाहिलं असेल का. ती अर्ध्यातून वर आली. दुसऱ्या बुडीला तिने डोळे आधी हिरव्या पाण्यावर ठेवले, मग दांड्यांवर, मग दांड्यांमधून तिरप्या पडलेल्या उजेडावर. तळ आला. खडकाला धरून ती थांबली. कपारीत, रंगाने खडकच वाटेल असा, रुंद डोक्याचा, फुगलेल्या गालांचा एक कॅबेझॉन मासा बसलेला होता. जुन्या, चिडक्या दुकानदारासारखा. पण श्वास संपत आला होता. तिने जागा ध्यानात ठेवली आणि वर आली.

वर तिची होडी नव्हती.

क्षणभर तिला वाटलं आपण भलतीकडे निघालो. मग बर्निसचा आवाज आला. "तुझी बाई निघाली फिरायला. चालता पकडलास तू, पोरी."

चालता. हा आईचाच शब्द. केल्पचं मूळ कधी अखंड खडकाला न धरता सुट्या दगडाला धरतं. फुगा लहान असतो तोवर दगड त्याला खाली ठेवतो. फुगा वाढला की दोघं बरोबरीला येतात, आणि लाट आली की केल्प दगड उचलतो, एक पाऊल टाकतो, दगड ठेवतो. रिकामा असेल तर दिवसाला हातभर जाईल. पण वर वाऱ्याला अंग देणारी होडी बांधली, की तो चालायलाच लागतो. म्हणून सगळ्यात मोठा, ताठ, गर्दीपासून सुटा उभा असलेला फुगा घ्यायचा नाही. म्हणून लोर्ना तीन वेगवेगळ्या जागचे दांडे एकत्र बांधायची, होडीच्या नाकाला बांधायची, कडेला कधी नाही, आणि मग मागे वल्हं मारून त्यांच्याशी भांडायची, ओढायची, ढुशा द्यायची आणि नंतर हात मांडीवर ठेवून गप्प बसून बघायची, की कड्याची रेघ सरकते का. हेल्मीला हे दहाव्या वर्षापासून माहीत होतं. आज तिने ओढून पाहिलं नव्हतं. कारण कड्यावरून कुणीतरी बघत होतं.

होडी दक्षिणेच्या खडकांकडे चालली होती. सावकाश, थांबत थांबत, लाट आली की थोडं, लाट गेली की थोडं. पुढे पाणी पांढरं होत होतं.

बर्निस आपले वेढे सोडवायला लागली. "थांब, मी आणते."

"नको. मी जवळ आहे. तू इथेच राहा, माशाच्या जागेची मला खूण पाहिजे," हेल्मी म्हणाली आणि तिने पाय मारले.

घाबरून पाय मारले तर दम लवकर जातो, हे तिच्या पायांना माहीत होतं. डोक्याला नव्हतं, डोकं निळ्या टोपीपाशी होतं. ती पाण्यावर पालथी पडून मोठे, संथ फटकारे मारत राहिली. दोर तिच्या हाताला लागला तेव्हा खडकावर फुटणाऱ्या लाटेचा तुषार तोंडावर येत होता. तिने कडी उघडायचा प्रयत्न केला. दगडाच्या ओझ्याने दोर फुग्याच्या मानेत रुतला होता आणि कडी आडवी अडकली होती. एकदा. दुसऱ्यांदा. मग तिने पोटरीवरची सुरी काढली, फुग्याखालचा दांडा पकडला आणि कापला. खालचं ओझं सुटलं. होडी एकदम हलकी होऊन उडाली, जणू कुणीतरी तिच्या पाठीवरून उतरलं. हेल्मीने दोन्ही हात आडवे टाकून स्वतःला वर ओढलं, पोटावर पडली, वळली, बसली आणि वल्हं घेतलं. पुढची लाट खडकावर फुटली तेव्हा ती तिथून दोन होड्यांएवढी लांब होती.

आणि मग कड्यावरून हॉर्न वाजला.

लांब. मग थांबून लांब. मग पुन्हा. हॅमलिनमध्ये हा हॉर्न ठाऊक नसलेला माणूस नव्हता. आर्वोच्या पिकअपचा तो आवाज म्हणजे 'आता वर ये.' लहानपणी हेल्मी त्याच्या शेजारच्या सीटवर बसून कधीकधी स्वतः तो दाबायची, आणि मग दोघं बघत बसायचे, आई होडी वळवते आहे का. आणि आई यायचीच.

हेल्मी बर्निसच्या शेजारी पोचली. हॉर्न वाजतच होता.

"रूथी दचकली असेल," ती म्हणाली. "त्याला कळत नाही का, झोळीत पोर आहे?"

"गुडघ्याने दाबत असेल. जुना खेळाडू आहे." बर्निसने तिच्याकडे नीट पाहिलं. "जायचंय का?"

हेल्मीने रेतीकडे पाहिलं. दहा मिनिटांचं अंतर. तिथे जायचं, सूट उतरवायचा, रूथीला घ्यायचं. नंतर कुणीही काही म्हणणार नव्हतं. आर्वो जिंकल्याचा आव आणणार नाही, ते तिला माहीत होतं. तो फक्त गॅरेटला पट्टे पकडायला लावील. आणि होडी हातची सुटली म्हणून, हाताला थंडी भरली म्हणून, ती स्वतःसुद्धा ते पट्टे पकडेल. तो म्हणाला होता तसंच.

"आई या हॉर्नला नेहमी यायची," ती म्हणाली.

"तुझी आई?" बर्निसने नाकातून आवाज काढला. "तुझी आई या हॉर्नला एकदाही आली नाही. तिचं झालं की ती यायची. आणि वर जाऊन त्याला सांगायची, तू वाजवलास म्हणून आले हं. तो खूश, ती खूश. तुम्हाला वरून वेळ कुठे कळत होता."

"काहीतरीच," हेल्मी म्हणाली.

"खोटं नाही सांगत. अर्धा तास वाजवत बसायचा तो कधीकधी. मी म्हणायची, लोर्ना, बॅटरी जाईल त्याची. ती म्हणायची, मग चालत घरी येईल, तब्येतीला बरं."

हॉर्न थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

हेल्मीने वल्हं पाण्यात टाकलं आणि होडीचं नाक वळवलं. रेतीकडे नाही. केल्पच्या दाट भागाकडे. मोठ्या फुग्यांकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. मध्यम आकाराचा एक दांडा घेतला, हाताने खाली खाली चाचपत गेली, खेचला. तो ताठ झाला, हलला नाही. जरा पलीकडून दुसरा. मग डावीकडून तिसरा. तिन्ही माना दोरात घेतल्या, कडी अशी लावली की एका बोटाने सुटावी, सोडून पाहिली, पुन्हा लावली. मग मागे सरकून वल्ह्याने उलटं पाणी मारायला लागली. होडी केल्पला ओढत होती, केल्प होडीला. ती चांगलीच भांडली. घाम फुटला. बर्निस शेजारी सफरचंद खात बघत होती.

मग हेल्मीने हात मांडीवर ठेवले. कड्यावरचा लाल पिकअप एका वाकड्या सायप्रसच्या बुंध्याशी जुळवून ठेवला आणि नुसती बघत बसली. लाट आली, होडी उचलली गेली, उतरली. पिकअप बुंध्यापाशीच. आणखी एक लाट. आणखी. वरचा माणूस खालच्या बाईला हॉर्न वाजवून बोलावत होता, आणि खालची बाई त्याच्याच गाडीवरून आपली होडी जागची हलत नाही ना ते तपासत होती. तिला हसू आलं. घाबरलेली होती, आणि हसतही होती. दोन्ही.

"मी वर आहे," बर्निस म्हणाली.

कॅबेझॉन तिथेच होता. त्याला हलायचं कारणच पडलं नव्हतं. तिसऱ्या बुडीत तिने होडीवरून सोबत नेलेला भाला त्याला लावला.

*

रेतीवर आर्वो उभा होता. तो कड्यावरची पायवाट उतरून आला होता, त्या खांद्याने, पोर पोटावर घेऊन, आणि हे दृश्य हेल्मीला समुद्रातल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा भयंकर वाटलं. रूथी झोपली होती.

"हॉर्न ऐकू आला नाही?" त्याने विचारलं.

बर्निस आपली होडी ओढता ओढता थांबली.

"आला," हेल्मी म्हणाली.

"मग?"

"आला, आणि मी आले नाही. माझं झालं नव्हतं."

आर्वोचा जबडा हलला. त्याच्या डोळ्यांच्या कडा लाल होत्या; वारा असेल, नसेलही. "तुझी होडी गेली होती. मी पाहिलं. खडकांवर चालली होती."

"हो. गेली होती. मग मी आणली."

"कशाला बांधली होतीस?"

"सगळ्यात मोठ्या फुग्याला."

"चालता," आर्वो म्हणाला. "ओढून नव्हती पाहिलीस."

"नव्हती पाहिली. तू बघत होतास म्हणून ऐट केली. दुसऱ्यांदा तू बघत होतास तरी पाहिली." तिने होडीतून मासा उचलला आणि त्याच्यापुढे धरला. चिडका दुकानदार मेल्यावरही चिडलेलाच होता. "हा घे. रात्रीला होईल. आता तिला दे माझ्याकडे, माझी छाती फुटायला आली आहे."

तिने सूटचा वरचा भाग उतरवला, होडीच्या काठावर बसली, टॉवेल लपेटला आणि रूथीला घेतलं. रूथी झोपेतच प्यायला लागली. तिच्या कानाच्या पाळ्या हेल्मीने चाचपून पाहिल्या. गरम होत्या. टोपी नीट ओढलेली होती.

गॅरेट तीनच्या आधीच आला. तरुण, दाढीवाला, भला माणूस. घरी कुणी नाही म्हणून शेजाऱ्यांना विचारून तो थेट रेतीवर उतरला होता, खांद्यावर स्वतःचे पट्टे टाकून. होडीवर एक ओली बाई पोराला पाजत बसलेली पाहून तो जरा दूरच थांबला आणि समुद्राकडे तोंड करून बोलायला लागला. "मिस्टर हकाला, ही का ती? छान ठेवली आहे."

आर्वो हातातल्या माशाकडे बघत होता.

"ही ती नाही," हेल्मी म्हणाली. "म्हणजे तीच आहे, पण द्यायची नाही. तुम्ही लांबून आलात, त्याबद्दल माफ करा."

गॅरेटने आर्वोकडे पाहिलं. "पण तुम्ही फोनवर म्हणालात…"

"फोनवर मी बरंच काही म्हणतो," आर्वो म्हणाला.

"म्हणजे नाही का?"

"तिला विचार. मला कोण विचारतंय सकाळपासून." तो मासा घेऊन पाण्याकडे गेला, गुडघ्यावर बसला आणि साफ करायला लागला. पाठ त्यांच्याकडे होती. त्याने हो म्हटलं नव्हतं. नाहीही म्हटलं नव्हतं.

गॅरेट डोकं खाजवत उभा राहिला. हेल्मीला त्याची दया आली, पण ती उठली नाही.

"एक काम कराल का?" ती म्हणाली. "ही होडी दोघांनी उचलावी लागते. बर्निसचा गुडघा दुखतो, वडिलांचा खांदा गेलाय, आणि माझे हात मोकळे नाहीत अजून. माझी गाडी वर आहे, ती राखाडी. थोड्या वेळाने एक टोक धराल?"

"गुडघा माझा ठणठणीत आहे," बर्निस म्हणाली. "पण धर बाबा, आलाच आहेस तर."

रूथीचं पिऊन झालं. आर्वोने हात धुतले, पुसले, आणि तिला घेतलं. हेल्मीने होडीचं नाक उचललं, गॅरेटने शेपूट, आणि दोघं पायवाटेने चढायला लागले. मधे दोनदा थांबावं लागलं. गॅरेटला मासेमारीबद्दल बरेच प्रश्न होते आणि चढावर तिला दम नव्हता, तरी तिने सगळ्यांची उत्तरं दिली. टपावर होडी चढवून तिने पट्टे आवळले. तिचे स्वतःचे पट्टे, तिच्या स्वतःच्या गाडीवर.

आर्वो मागून सावकाश आला. होडीकडे त्याने पाहिलं, मग तिच्याकडे.

"पुन्हा कधी जाणार आहेस?"

"गुरुवारी. ओहोटी सकाळची आहे."

"गुरुवारी मला जमणार नाही पोरीला सांभाळायला. दातांच्या डॉक्टरकडे जायचंय."

"मग बुधवारी," हेल्मी म्हणाली आणि गाडीचं दार उघडलं.